लेसरनं मोजलेलं रान

रानात हिंडणाऱ्या माणसांकडे कामापेक्षा फजित्याच जास्त साठतात. आमच्याकडे तर ढीग झालाय! दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आम्ही तिघं जंगल मोजत होतो: सर, मी आणि डिंगोऱ्याचा जीपवाला बबन. उपग्रह वरून लेसरचा झोत सोडायचा. तो शेंड्यावरून आणि जमिनीवरून परत जायचा, त्यावरून झाडांची उंची कळायची. झोत पडला त्या जागी जाऊन, तोडीनं विरळ झालेल्या रानात खरोखर काय उरलंय, ते आम्ही तपासायचो.

पहिल्या दिवशी सर बबनला एवढंच म्हणाले, "उपग्रहाचं काम आहे, चल." आणि त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा जीप खोडदला, रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्यांसमोर! बबन खूश. "आभाळाचं समदं हितंच असतंय, सर!"

आळेफाट्याला मिसळ खाताना हॉटेलवाल्यानं विचारलं, "पावणं, कंच्या कामाला?" आकाशातून झाड कसं मोजतात, ते सरांनी रंगात येऊन समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "वरनं मोजून व्हतंय, मंग तुमी उन्हात कशापायी हिंडताय राव?"

सरांनी आणखी एक पाव मागवला.

डोंगरउतारावर लेसरची पंचाईत होते. झाड किती आणि डोंगर किती, नीट कळत नाही. हे सगळं सर आम्हाला उतारावरच उभं राहून, मागं मागं सरकत समजावत होते. बघता बघता करवंदीच्या जाळीत गडप! बबन वरून ओरडला, "सर, तुमी किती अन् डोंगर किती?"

जाळीतून आवाज आला, "आधी हात दे!"

पण हौसाबाईंच्या किश्श्याची सर कशालाच नाही. आंबेगावच्या पश्चिमेला एका टेकाडावर त्यांचे हिरडे होते. दिराला ते कोळशासाठी तोडायचे होते आणि ही बाई वर्षानुवर्षं एकटी आडवी येत होती. आम्ही टेप काढला तशी खोडाला पाठ लावून बसली. "आज मोजाल, उद्या तोडाल. हात लावायचा न्हाई!"

सर शेजारी टेकले. "मावशी, सरकारी नकाशात हे टेकाड उजाड आहे. पण लेसरला इथं उंच झाडं सापडली. म्हणून तर आलो."

बाई खोडावरून हात फिरवत राहिली.

"वरनं दिसत्यात माझी झाडं?"

"दिसतात."

ती उठली. पदर खोचला. खालच्या बांधावरून दीर कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालला होता. त्याला हाक घातली, "ओ भावजी! वरनं समदं दिसतंय म्हनं! आता या बरं झाड तोडायला!"

भावजी थांबले. त्यांनी एकदा आभाळाकडं पाहिलं आणि टोपी पुढं ओढून तोंड झाकलं.