घरची किडनी

वाशीमच्या आमच्या डायलिसिस सेंटरवर माणसं आठवड्यातून दोन-तीनदा येतात अन् चार-चार तास मशीनला जोडून पडतात. हात अडकलेला, तोंड मोकळं. किस्से साचणारच. पण डुकराची किडनी माणसाला बसवल्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला, तेव्हापासून मला, म्हणजे इथल्या सिस्टरला, चहा गरम असताना प्यायला मिळालेला नाही.

*

सुरुवात महादेवकाकांनी केली. कामरगावचे, कापूसवाले.

"सिस्टर, थे किडनी आपल्या इथं कवा येते?"

"अजून प्रयोग चालू आहेत, काका. इतक्यात नाही मिळायची."

"मंग आमाले दाखोलं कायले?"

जसा व्हिडिओ मीच काढला होता!

*

पुढच्या खेपेला काकांना सगळं समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, परकं काही दिसलं की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून डुकराचे खटकणारे जीन काढतात, माणसाचे थोडे घालतात.

"म्हंजे बीटी कापसासारखं?"

मला कोण आनंद झाला. "अगदी तसंच, काका."

ते छताकडे पाहत राहिले. "बोंडअळी तं तरी बी आलीच ना."

*

खरं तर काकांना एकदा किडनी मिळाली होती. बायकोची, शोभाकाकूंची. छान चालली. मग यांना बरं वाटायला लागलं अन् यांनी ती टिकवायच्या रोजच्या गोळ्या सोडल्या. शरीरानं किडनी नाकारली, काका परत आमच्या खाटेवर.

एकदा मी वैतागून विचारलंच, गोळ्या सोडल्या तरी काहून?

"थे किडनी आमच्या घरचीच होती, सिस्टर. घरच्याले काय गोळ्या देऊन सांभाळा लागते?"

काकू डबा उघडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरच्याले सांभाळाच लागत नाई, असंच वाटते यायले."

*

परवा काकांना मशीनवर डुलकी लागली. काकूंनी मला खुणेनं व्हरांड्यात बोलावलं.

"सिस्टर, थे जीन मानसाच्या किडनीचे बी बदलता येतात का? म्हंजे यायचं शरीर तिले हाकलनार नाई, असे?"

"त्यावरही संशोधन चालू आहे, काकू. पण तुम्हाला कशाला?"

"माह्यापाशी एक हाये ना अजून."

माझं डोकंच फिरलं. "काकू, ती दिली तर तुम्हीच उद्या त्या खाटेवर. एक तरी लागतेच जगायला."

त्यांनी दारातून आत झोपलेल्या काकांकडे पाहिलं.

"मंग अर्धी?"