कानातलं

विश्वजितला मराठी येत होती, पण ती घरात लागेल एवढीच. हवालदार हिंमतरावांचा हा मुलगा दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढला, शाळेत हिंदीत भांडला आणि ऑफिसात इंग्रजीत नोकरी केली. आईशी मराठीत बोलताना एखादा शब्द अडला, की तो सरळ आपल्या मनाने शब्द बनवायचा. आई हसायची आणि सोडून द्यायची. तेव्हाच दुरुस्त केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

हिंमतराव पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. मुलाने तेवढं एकच त्यांच्याकडून घेतलं, ते म्हणजे कान. कॉलेजात असताना एका मेजरसाहेबांच्या मुलाने त्याला रॉकच्या कॅसेट दिल्या, आणि गडी त्यातून पुन्हा बाहेर आलाच नाही. लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, वडील गेले, दिल्लीच्याच द्वारका वस्तीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, तरी रोज मेट्रोत बसला की याच्या कानात गिटार सुरू. आईचं नाव द्वारकाबाई. सुनेने, अर्पिताने, तिथे राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, “आई, तुमच्या नावाचं अख्खं गाव वसवलंय सरकारने, आता भांडून जायचं तरी कुठे?” अर्पिता मूळची कराडची. तिच्या जिभेला धार होती, पण कोणाला लागेल असं ती कधी बोलत नसे.

तो फ्लॅट घेताना अर्पिताने आपल्या कुड्या मोडल्या. लग्नात तिच्या आईने, सुमित्राबाईंनी, घातलेल्या मोत्याच्या कुड्या होत्या त्या. विश्वजित म्हणाला होता, “यार, बस एक-दोन साल. मग याहून चांगल्या घेऊ.” खोटं तिला सोसत नसे, कान सुजायचे. म्हणून तिने कान मोकळेच ठेवले. मोकळ्या कानांची त्याला इतकी सवय झाली, की तो ते वचन चक्क विसरला. आता याला विसरभोळेपणा म्हणायचं की सोय, ते ज्याने त्याने ठरवावं.

त्याचे हेडफोन फुटपाथवरचे. त्यांचा एक कान मेला होता. वायर पिळून विशिष्ट कोनात धरली तरच तो जिवंत व्हायचा, त्यामुळे विश्वजित मेट्रोत एक हात गालाला लावून बसायचा आणि लोकांना वाटायचं, याची दाढ दुखतेय. एका शनिवारी नेहरू प्लेसच्या एका दुकानात त्याने सहज म्हणून एक मोठी जोडी डोक्यावर चढवली. ओळखीचंच गाणं लागलं होतं. आजवर त्याला त्यात नुसता गोंगाट ऐकू यायचा. आता ड्रमवाल्याची काडी झांजेवर टेकते, ते टेकणंही ऐकू आलं. वडिलांच्या हातातल्या काड्या आठवल्या आणि भर दुकानात त्याने तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. तो तसाच घरी आला, पण मन दुकानातच राहिलं.

घ्यायचे तर होते. आणि अर्पिताला सांगायची लाज वाटत होती. स्वयंपाकघराच्या पंख्यासाठी ती दोन उन्हाळे थांबली होती. मग त्याने अर्धवट कबुलीचा मार्ग काढला. आई मटार सोलत बसली होती. तिच्याजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, “आई, दिवाळीला एक चांगलं कानातलं घ्यावं म्हणतोय. बिल्कुल भारीतलं.”

घरात सगळे ‘टॉप्स’ म्हणत. कानातलं हा शब्द त्याने केव्हातरी ऐकलेला होता, वापरलेला कधीच नव्हता. कानात घालायचं ते कानातलं, एवढा साधा हिशेब.

आईने मटारच्या शेंगा खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. “घे रे विशू. केव्हाच घ्यायला हवं होतं. मी तिला काही बोलत नाही, हं!”

आपली आई एवढी मोठ्या मनाची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हेडफोन आणले, खोका कपाटावरच्या बॅगेमागे दडवला आणि ऑफिसला जाताना चोरासारखा पिशवीत घालून नेऊ लागला. मन खात होतं, पण गाणं सुरू झालं की खाणं थांबायचं.

द्वारकाबाईंच्या पोटात गोष्ट राहिली दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सुनेला कळली.

मग घरात एक बदल झाला. अर्पिताच्या कानांत कडुनिंबाच्या बारीक काड्या आल्या. बुजत आलेली भोकं उघडायला द्वारकाबाई रोज हळद-तेल लावत आणि काडी पुढे सरकवत. कान लाल झाले होते. कुशीवर झोपता येत नव्हतं. विश्वजितने एकदा विचारलं, “कानाला काय झालं? डॉक्टरकडे चलायचं का?” ती इतकी गोड हसली की त्याला वाटलं, चलो, काही नसेल.

पाडव्याला अर्पिता रेशमी साडी नेसली. केस मागे घेतले होते, काड्या काढून ठेवल्या होत्या, कानांच्या पाळ्या रिकाम्या आणि लालभडक. तिने ओवाळलं. विश्वजितने खिशातून पाकीट काढून तबकात ठेवलं.

“पाकीट काय देतोस?” द्वारकाबाई म्हणाल्या. “कानातलं कुठाय?”

“कानातलं?”

“आता पुरे तुझं नाटक. खोका पाहिलाय मी बॅगेमागे. एवढा मोठा, म्हणजे गळ्यातलंही आणलंय चोराने!” म्हातारी तुरुतुरु आत गेली. त्याने अर्पिताच्या कानांकडे पाहिलं, आणि त्या काड्या कशासाठी होत्या हे त्याला कळलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिसऱ्या मजल्यावर ती सोय नव्हती.

खोका अर्पितानेच उघडला. आतले हेडफोन तिने उचलून उलटसुलट करून पाहिले.

“हे काय गं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“आई, हे कानातलं नाही,” अर्पिता म्हणाली. “हे कानावरचं आहे.” आणि ती हसली. खरंच हसली. ती रडली असती तर त्याला निदान माफी मागता आली असती.

“मला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता,” तो म्हणाला. ते शंभर टक्के खरं होतं, आणि बोलल्यावर किती खोटं वाटलं!

“असू दे हो. दिल्लीची मराठी,” ती म्हणाली आणि तबक उचलून आत गेली.

दुकानदाराने वापरलेले हेडफोन परत घेतले नाहीत. विश्वजितने ते कोणाला तरी देऊन टाकतो म्हटलं, तर अर्पिताच रागावली, “आता आणलेत ना, मग ऐका तरी!” म्हणून तो ऐकतो. पण आवाज पूर्वीसारखा मोठा करत नाही. झांजेवर काडी टेकली की त्याचा हात आपोआप आपल्या कानाच्या पाळीकडे जातो, आणि मेट्रोतल्या लोकांना पुन्हा वाटतं, याची दाढ दुखतेय.

कुड्या घेईन, या वर्षी नक्की घेईन, असं त्याने पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा अर्पिता आरशासमोर उभी राहून, ओठ दाबून, कानांत पुन्हा काड्या सरकवत होती.

“आता कशाला घालतेस त्या?” त्याने विचारलं.

“तुम्ही घेईन म्हणालात ना,” ती म्हणाली. “तोवर बुजायला नकोत.”