नळाला बांधलेली हिरवी तार

माहेरच्या न्हाणीघरातला नळ ओल्या हाताने धरला की झिणझिण्या यायच्या. आज वायरमन आला. रस्त्यावरून येणारा लोखंडी पाइप भिंतीतून घरात शिरतो, तिथेच त्याने पट्टी आवळली आणि हिरवी तार जोडून अर्थिंगपर्यंत नेली.

"इथेच का?" मी पायरीवर बसून विचारलं.

"बाहेरून येणारं आत घेतानाच बांधायचं, ताई. मग घरातलं सगळं एका पातळीवर राहतं. कुणाला झटका बसत नाही."

खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. आईने मान न वळवता हात लांबवला आणि वहिनीने त्यात सांडशी ठेवली. मग दोघी कशाला तरी हसल्या. मी आतल्या आत जळले. वहिनीही बाहेरूनच आली. पण आईने तिला उंबऱ्यातच घट्ट बांधून घेतलं. मी तर याच घरात जन्मले. आता चार दिवस राहायला येते, तर आई माझ्याशी जपून बोलते, त्या नळाला हात लावावा तशी.

आत गेले. वहिनीचा चहा आईने ढवळून ठेवला होता. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तू साखर घेतेस ना गं अजून?"

मी हो म्हटलं आणि हात धुवायला न्हाणीघरात गेले. ओल्या हाताने नळ धरून ठेवला. काहीच जाणवलं नाही. कालपर्यंत या घरात माझ्यासारखा तो तरी होता. आज तोही त्यांच्यातला झाला.