हुबेहूब तात्या

माझे सासरे गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी वारले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी चहात बुडवून खारी खाल्ली. दोन्ही गोष्टींना मीच कारणीभूत होते. (खारी मी आणली होती.)

सांगते. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे आणि मला चित्रं काढायचा नाद आहे. नाशकात हा नाद लागलेल्या माणसाची एक पंचाईत असते. इथे जो उठतो तो गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र काढतो. रविवारी सकाळी घाटावर जाऊन बघा, आंघोळीला आलेली माणसं कमी आणि मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली जास्त! मीही कित्येक वर्षं घाटच काढला आणि दिसेल त्या स्पर्धेत पाठवला. एकदा एक परीक्षक माझ्या चित्रासमोर थांबले.

"कांद्याचे ढीग छान आलेत," ते म्हणाले. "मार्केट यार्ड ना?"

ती पंचवटीतली देवळं होती.

तर अशी माझी कारकीर्द. पहिलं-दुसरं सोडाच, मला कधी उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं. उत्तेजनार्थ! जे आयोजक हातात उरलेल्या पाकिटांच्या हिशोबाने वाटून टाकतात! ते एकदा तरी मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. हसू नका, खरंच तेवढीच होती. एखाद्या स्पर्धेत माईकवरून माझं नाव घेतील, मी साडी सावरत स्टेजवर जाईन, आणि आमचे हे टाळ्या वाजवतील, हे दृश्य मी हजार वेळा मनात रंगवलं होतं. (ते मात्र मला चांगलं रंगवता येतं.)

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्यांना मुंबईला संग्रहालय दाखवायला नेलं. आमचे हे, म्हणजे प्रकाशराव, आत शिरल्याबरोबर पंख्याखालचा बाक शोधून बसले. आमचे तात्या, म्हणजे माझे सासरे, एका संस्थानिकाच्या तैलचित्रासमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "मिशीला काय लावत असेल हा?" आणि मी? मी एका काळोख्या जुन्या चित्रापुढे खिळले. एक म्हातारा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. बस्स! मी तिथेच ठरवलं की घाट संपला, आता माणसं.

घरी आल्यावर मी फोनवर थोर चित्रकारांच्या चरित्रांचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. एकाने म्हणे स्वतःचा कान कापला. एकाला म्हातारपणी दिसेना, तरी तो तळ्यातली फुलंच रंगवत बसला. एक जण जन्मभर आरशात बघून स्वतःचंच थोबाड काढत राहिला, आणि ते जगातलं सगळ्यात भारी थोबाड ठरलं. (नावं घेत नाही. मला उच्चार जमत नाहीत, आणि चित्रकलेच्या क्लासमध्ये त्यावरून एकदा माझं हसं झालंय.) सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. घरच्यांना त्यांची किंमत कळली नाही. हे ऐकल्यापासून मलाही माझी किंमत न कळणारी माणसं घरात दिसायला लागली.

"मनीषा, भाजी करपली वाटतं," हे म्हणायचे.

"करपणारच," मी म्हणायचे. "इतिहास बघा."

तेवढ्यात एका मंडळाची व्यक्तिचित्र स्पर्धा जाहीर झाली. नियम एकच कडक होता: व्यक्ती प्रत्यक्ष समोर बसवून काढलेली असावी, फोटोवरून काढलेली चित्रं बाद. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "रविवारी मला झोपू दे." पण तात्या हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "मी बसतो की! माझं कोणी कधी चित्र काढलेलं नाही."

मला भरून आलं. तात्यांनी आमच्या लग्नातला कोट काढला, टोपीला इस्त्री केली आणि बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. पाच मिनिटं अगदी दगडासारखे. मग ओला हरभरा सोलायला घेतला. मग खालच्या भाजीवाल्याशी मेथीवरून वाद घातला. मग झोपले. एकदा हनुवटी काढून झाली की त्यांची मान दुसरीकडे!

"तात्या, हलू नका ना."

"अगं, मी हललो नाही. मी खोकलो."

तो खोकला खराच होता. थंडीमुळे त्यांचं सकाळचं फिरणंही बंद होतं, खाली कट्ट्यावर जाणंही बंद. मी त्यांना फार त्रास दिला नाही. उजेड कसा पाडायचा ते कळावं म्हणून मी त्या थोबाडवाल्या चित्रकाराचं चित्र फोनवर उघडून शेजारी उभं केलं होतं. थोडं तात्यांकडे बघायचं, थोडं फोनकडे. आता खरं सांगू? तात्या हलत होते, आणि फोनमधला म्हातारा हलत नव्हता. जो स्थिर, त्याच्याकडे नजर जास्त जाणार की नाही?

चित्र पूर्ण झालं. गडद तपकिरी अंधार, त्यातून उजळलेलं कपाळ, आणि दूर कुठेतरी लागलेले डोळे. तात्यांना मी ते मुद्दाम दाखवलं नाही. "बक्षीस घेऊनच दाखवीन," म्हटलं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र 'अगत्य येणे' असा मेसेज टाकून टाकून सगळ्यांना वात आणला.

प्रदर्शनाच्या दिवशी, रविवार असूनही, यांची सातपूरच्या कारखान्यात ड्यूटी होती. तात्या म्हणाले, "धुळीत नको, खोकला वाढेल." माझ्यासोबत आल्या त्या फक्त आमच्या कमलआत्या, तात्यांच्या धाकट्या बहीण. खास सिन्नरहून एसटीने आल्या होत्या, आणि येताना पंचवटीत उतरून निशिगंधाचा हा एवढा जाडजूड हार घेऊन आल्या होत्या.

"आत्या, हे काय?"

"तुझा सत्कार करायचाय नव्हं?"

"अहो, निकाल लागायचाय अजून!"

"मंग काय झालं? लागंल की! आता हार आणलाय त्यो काय परत घेऊन जाऊ?"

मी हार घालून घ्यायला साफ नकार दिला. बाकीचे स्पर्धक बघत होते. आत्यांची पंचाईत झाली. ओला हार, त्यातून पाणी ठिबकतंय, ठेवायला टेबल नाही, पिशवीत खाली भाकरी. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो सरळ माझ्या चित्राला घातला.

"दादाला घातला काय अन् तुला घातला काय," त्या म्हणाल्या. "मान तुमच्याच घराचा."

मी काढणारच होते हो! पण आत्यांना त्याच क्षणी घाईची लागली. बाथरूम खालच्या मजल्यावर. त्यांचे गुडघे दुखतात आणि जिना उंच. आम्ही गेलो आणि परत आलो तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हॉलचा शिपाई भला माणूस. त्याने हार बघितला, चित्रातला अंधार बघितला, ते दूर लागलेले डोळे बघितले, आणि स्वतःच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून चित्राखाली लावली.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच वेळी आमच्या सोसायटीचे चेअरमन बोरस्तेकाका तिथे पोचले. माझ्या 'अगत्य येणे'ला मान देऊन आलेले ते एकटेच! पिंपळगावला त्यांची द्राक्षं. खुडणीसाठी ते महिनाभर तिकडेच होते, आणि तिकडूनच गाडी घेऊन सरळ हॉलवर आले होते. त्यांनी चित्राखालची चिठ्ठी वाचली: 'तात्या'. वर हार. खाली उदबत्ती. त्यांनी टोपी काढली, हात जोडले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपले तात्या गेले. मी गावी असल्याने उशिरा समजले, क्षमस्व.'

मी जिना चढून वर येते तर माझा फोन थरथरतोय. उघडून बघते तर भावपूर्ण श्रद्धांजलींची रांग! पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे. तात्या बरेच दिवस खाली दिसले नव्हतेच, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. आणि त्या रांगेत सातवा नंबर कोणाचा असावा? आमच्या ह्यांचा! हात जोडलेले, आणि पुढे 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.'

मी तिथूनच फोन लावला. "अहो, काय लिहिलंत तुम्ही ग्रुपवर?"

"का? सगळे लिहीत होते म्हणून लिहिलं. मशीन चालू होती, वाचलं नाही," हे म्हणाले. "कोण गेलं गं?"

"तुमचे वडील!"

पलीकडे खटकन मशीन बंद झाली. मग मी घाईघाईने सगळं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला आणि त्यांनी मला जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी हार ओढून काढायला धावले, तर समोर परीक्षक उभे! पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेले, मोठे चित्रकार. पण चक्क माझ्या चित्रासमोर! वहीत काहीतरी टिपत होते. मला बघून आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. काम चांगलं आहे. प्रकाश छान पडलाय. मी उत्तेजनार्थचा विचार करत होतो..."

उत्तेजनार्थ!

"...पण हे फोटोवरून केलेलं दिसतं. गेलेल्या माणसाला समोर कसं बसवणार? नियमाप्रमाणे बाद करावं लागेल."

"गेले नाहीत हो ते!" मी ओरडले. सगळा हॉल वळून बघायला लागला.

"हार आहे."

"तो आत्यांनी माझ्यासाठी आणला होता."

"उदबत्ती आहे."

"ती मला माहीत नाही!"

त्यांनी माझ्याकडे अशा काही मायेने बघितलं की मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. दुःखाने बाई भ्रमिष्ट झाली, असं त्यांना वाटत असणार. म्हणाले, "असतील तर आणा इथे. निकाल जाहीर व्हायला थोडा वेळ आहे."

मी तात्यांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"तात्या, असाल तसे इकडे या. रिक्षा करा."

"येतो. पण जरा थांब," तात्या हळू आवाजात म्हणाले. "आपल्या काळेवहिनी आल्यात, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन. मी दार उघडलं तर त्या एकदम खालीच बसल्या. पाणी देऊ का काय करू?"

आमच्याकडे दुःख झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भाकरी येते. काळेवहिनींनी रीत पाळली होती. फक्त डबा घ्यायला स्वतः मयत दारात येईल, याची त्यांना कल्पना नव्हती.

"पाणी द्या आणि निघा!"

तात्या आले. लग्नातला कोट, इस्त्रीची टोपी, गळ्याला मफलर. ते रिक्षातून उतरत असताना खाली चहा घेत उभ्या असलेल्या बोरस्तेकाकांनी त्यांना बघितलं आणि हातातला चहा स्वतःच्या बुटावर सांडला. आत्या मात्र शांत होत्या. "आलास व्हय दादा? ये, तुझं चित्र लय झ्याक काढलंय पोरीनं!"

मी तात्यांना परीक्षकांपुढे उभं केलं. जग जिंकल्यासारखं वाटत होतं मला. "हे बघा सर! जिवंत! बोलते! चालते! खोकतेसुद्धा!"

तात्यांनी पुरावा म्हणून खोकूनही दाखवलं.

परीक्षकांनी तात्यांना चित्राशेजारी खुर्चीवर बसवलं. चष्मा लावला. चित्राकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. मागे सरकले, पुढे आले. तात्यांना मान डावीकडे करायला सांगितली. मग उजवीकडे. हॉलमधली सगळी माणसं आता गोल करून उभी होती आणि तीही एकदा वर, एकदा खाली बघत होती.

शेवटी तात्यांनीच मान वर करून चित्र बघितलं. "हा कोण गं?"

"तात्या, तुम्हीच!"

"मी?" तात्या उठून जवळ गेले. "अगं, हा कोणी गोरा साहेब दिसतोय. नाक बघ केवढं!"

"दादाच हाय त्यो!" आत्या तावातावाने म्हणाल्या. "आंधळा बी सांगंल!"

"आजी, तुम्हाला नीट दिसतं ना?" परीक्षकांनी विचारलं.

"मोतीबिंदूचं आपरेशन हाय पुढल्या महिन्यात," आत्या म्हणाल्या. "पर माणूस कळतं मला."

परीक्षकांनी वही मिटली. फार सज्जन माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हे गृहस्थ जिवंत आहेत, हे मला मान्य आहे. तुम्ही त्यांना समोर बसवलंत, हेही मान्य. फक्त ते चित्रात आलेले नाहीत."

उत्तेजनार्थ एका शाळकरी मुलीला मिळालं. तिने तिच्या मावशीला काढलं होतं, आणि मावशी शेजारी उभी राहिल्यावर कोणती खरी ते क्षणभर कळेना. मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. परतताना रिक्षात माझे डोळे सारखे भरून येत होते आणि मी धुळीचं कारण सांगत होते.

"रडू नको," तात्या म्हणाले. "मी बसेन परत. हरभरा नाही सोलणार. पण यावेळी माझ्याकडे बघून काढ."

मी मान हलवली आणि तोंड लपवायला फोन काढला. ग्रुपवरचे मेसेज अजून तसेच होते. श्रद्धांजलीच्या घाईत मी ते नीट वाचलेच नव्हते. आता वाचले. 'काय जिवंत चित्र आहे!' 'तात्या आता बोलतील असं वाटतं.' 'वहिनींच्या हातात जादू आहे.' 'हुबेहूब!' जन्मात माझ्या कुठल्या चित्राचं एवढं कौतुक झालं नव्हतं. झालं ते त्या अर्ध्या-पाऊण तासात, जेव्हा ताडून बघायला मूळ माणूस शिल्लक नव्हता.