नारायणअण्णांचा घेर

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात ना, तसे इस्पितळात किस्से साठतात. टाकवत नाहीत! साठच्या दशकात मी बंगळुरातल्या मनोरुग्णांच्या एका इस्पितळात नर्स होते. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या नारायणअण्णांचे आहेत.

अण्णा चिकपेटेतले शिंपी. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातले, घरी मात्र मराठी. कानात आवाज यायचे म्हणून आमच्याकडे आले. नव्या गोळ्यांनी आवाज थांबले आणि भूक सुटली! सगळ्या वॉर्डाचीच सुटली. आमच्या शिवणखात्यात अण्णांना एकच काम उरलं, सगळ्यांच्या विजारी सैल करायचं.

"गोळी गुणाची आहे अक्का," ते मला म्हणाले, "पण बटणांवर तिचा राग आहे!"

* * *

मग अण्णांच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, "साखर उतरल्याशिवाय घरी सोडणार नाही."

वैशाखात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न! अण्णा हट्टाला पेटले. "मग गोळीच बंद करतो!"

"गोळी नाही अण्णा," डॉक्टर म्हणाले, "जिलबी बंद!"

* * *

त्यांचा धाकटा भाऊ पांडू भेटायला आला की म्हैसूरपाक आणायचा. अण्णा तो शिलाई मशीनच्या खणात लपवायचे. एकदा मुंग्यांच्या रांगेमागून मी तिथं पोचले.

"स्वल्पच खाल्लं, अक्का!"

"स्वल्पासाठी एवढी वरात निघत नाही, अण्णा!"

* * *

रोज चालायला सांगितलं, तर म्हणे, "दिवसभर पायानं मशीन चालवतो. मैलोन्‌मैल होत असतील!"

"मग मशीन अजून खिडकीपाशीच कसं?"

अण्णा मुकाट्यानं चपला घालून निघाले. पुढे अख्खा वॉर्ड त्यांच्यामागून मैदानाला फेऱ्या मारू लागला.

* * *

तेव्हा निळ्या औषधात लघवी घालून तापवायची. साखर असली की रंग विटकरी व्हायचा. अण्णांची नळी नेहमी विटकरी. पण लग्न तोंडावर आलं आणि एका सकाळी ती निळीच राहिली. पुन्हा तापवली. निळीच! दारात जमलेल्या वॉर्डानं असा गलका केला की मेट्रन धावत आली. मी तर चक्क शिट्टी मारली. तेवढा आनंद मला माझी परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

* * *

पांडू अण्णांना न्यायला आला. व्हरांड्यात त्यांना बघून दचकलाच.

"अय्यो! केवढा वाळलास अण्णा! गेल्या खेपेला कसा छान भरला होतास!" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "हा अजून बरा झालेला दिसत नाही. ठेवून घ्या आणखी महिनाभर. असा मांडवात कसा उभा करू?"

लग्न चार दिवसांवर, आणि घरचा माणूसच न्यायला नको म्हणतोय!

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि भावाच्या पोटाभोवती फिरवली. टोकं कशीबशी भेटली. आकडा वाचून त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"अक्का, माझी कॉट रिकामीच आहे ना?"