वारोशाच्या किनाऱ्यावर आबा

सायप्रसच्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागल्यावर तिसऱ्या वर्षी मी वडिलांना तिकडे बोलावून घेतलं. आबांनी जन्मभर नगरमध्ये गवंडीकाम केलेलं. समुद्र कधी पाहिलाच नव्हता. मी त्यांना वारोशाला, समुद्रकाठच्या एका ओसाड शहरात नेलं.

युद्धात बेट दुभंगलं तेव्हा तिथली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. तुर्की सैन्यानं कुंपण घातलं, कुणाला परत येऊ दिलं नाही. आता पन्नास वर्षांनी काही रस्ते उघडलेत. इमारतींत मात्र शिरायचं नाही, बाहेर दोऱ्या बांधल्यात.

चौकी ओलांडून आत गेलो आणि आबा जागीच थांबले. समुद्राकडे तोंड केलेली दहा-दहा मजली हॉटेलं, नजर पोचेल तिथवर. एकाही खिडकीला काच नाही. गॅलऱ्यांच्या सळ्या गंजून बाहेर आलेल्या. एका दुकानाचं छत फोडून अंजिराचं झाड वर निघालेलं. आणि पलीकडे इतकं निळं पाणी, की खरं वाटेना. एखादा पारवा उडाला तरी दचकायला होत होतं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"एवढं बांधलं," ते हळूच म्हणाले, "आन् सोडून जाववलं कसं?"

दोरीपाशी एक म्हातारी बाई वर बघत उभी होती. तिनं ग्रीकमध्ये माझ्याशी बोलायला सुरुवात केली. कामापुरती ग्रीक मला येते. समोरचं हॉटेल तिच्या वडिलांनी बांधलेलं. निघाली तेव्हा ती वीस वर्षांची होती. आबा गवंडी आहेत हे कळल्यावर तिनं विचारलं, "दुरुस्त होईल का?"

आबांनी बराच वेळ इमारत न्याहाळली. मला वाटलं, बाईचं मन राखतील.

"न्हाई. खाऱ्या हवेनं लोखंड खाल्लंय. पाडावीच लागंल." मग म्हणाले, "पन काम लई इमानदारीचं हाय. आजून भिंतीला ओळंबा लावला तर सूतभर फरक निघायचा न्हाई. सांग तिला."

मला सांगवेना.

"सांग की, पोरी."

सांगितलं. बाई हॉटेलाकडे वळली. मग म्हणाली, "सगळे मला म्हणतात, परत जाशील, परत जाशील. माझ्या बाबांच्या कामाबद्दल कुणी बोललंच नव्हतं."

तिनं आबांचा हात धरला आणि आम्हाला किनाऱ्यावर नेलं. वाळूत चपला काढल्या, पर्स आबांच्या हाती दिली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरली. मी थांबा म्हणून ओरडले. ती मात्र लांब हात मारत गेली, पाठीवर वळली आणि तरंगत हॉटेलाकडे बघत राहिली.

आबा विजार दुमडून घोटाभर पाण्यात उभे होते, पर्स छातीशी धरून. लाट आली की एक पाऊल मागे घेत, पुन्हा पुढे येत.

ती बाहेर आली तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं पुढे केलं. तिनं केस पुसले आणि ते परत देऊ लागली.

"ऱ्हाऊ द्या, बाई," आबा मराठीतच म्हणाले. तिला ते कळलं.