नानांच्या मेलवर आलेलं अभिनंदन

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, शेतातल्या मोटारी आणि केबल चोरणारे तर रोजचेच होते. पण एका ई-मेलने मला जितकं फिरवलं, तितकं कुठल्या सराईत गुन्हेगाराने फिरवलं नाही. संबंधितांची नावं मी सांगणार नाही. गाव चोपड्याच्या बाजूचं, केळीच्या बागांचं, एवढं पुरे.

तिथल्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार म्हणून बसलेले हवालदार स्टेशन डायरीत नोंद करत होते. तेवढ्यात सदुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आत आले. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून पंचा आणि औषधांचा डबा डोकावत होता. ते सरळ माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"साहेब, एक तर मला अटक करा, नाहीतर मी काही केलेलं नाही असं लेखी द्या."

ठाण्यात येऊन स्वतःची अटक मागणारा माणूस सहसा प्यायलेला असतो. हे गृहस्थ तसे नव्हते. गावचे ते निवृत्त पोस्टमास्तर. सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि हकीकत विचारली.

झालं होतं असं. नानांची सून घरातल्या फोनवर नानांचा मेल उघडून मुलीचं परीक्षेचं प्रवेशपत्र शोधत होती. ते राहिलं बाजूला आणि भलताच मेल समोर आला. 'अभिनंदन! आपली नोंदणी यशस्वी झाली आहे. आपल्या वयाला साजेशी स्थळं लवकरच कळवू.' उतारवयातल्या लोकांची लग्नं जुळवणारं ते एक संकेतस्थळ होतं. नानांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनेने नवऱ्याला दाखवलं, नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि दुपारपर्यंत ती बातमी पारावर पोहोचली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण नानांच्या नातीचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. धुळ्याच्या व्याह्यांच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यांनी फोन करून खवचटपणे सांगितलं, "आधी तुमच्या घरातलं मोठं लग्न उरकून घ्या, मग आमच्याकडचं पाहू."

नानांनी त्या दिवशी घर सोडलं. शेतातल्या मोटारीच्या खोलीत मुक्काम ठोकला. पोलिसांनी लेखी दिल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडणार नाही, असं त्यांनी मुलाला सांगून टाकलं होतं.

"माझ्यामुळे पोरीचं मोडलं तर मी तोंड कुठे दाखवू?" ते म्हणाले आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले.

आता माझ्याबद्दल थोडं. महिन्याभरापूर्वीच मी जळगावला सायबर गुन्ह्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, ते मला पाहून कळलं असतं. मी मेलवर एक नजर टाकली आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "नाना, ही फसवणूक आहे. यामागे टोळी आहे. नोंदणी तुमची नसेल तर इथे दाबा, असं खाली लिहिलंय ना? तिथे दाबलं की संपलं. तुमच्या मुलाने दाबलं तर नाही?"

"दाबत होता. मी हात धरला," नाना म्हणाले.

"शाबास!" मी म्हणालो. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी व्याह्यांचा नंबर घेतला आणि त्यांना स्वतः फोन करून सांगितलं की हे आंतरराज्य टोळीचं काम आहे, नानांचा काडीचाही संबंध नाही, माझा शब्द घ्या. व्याही म्हणाले, "बरं साहेब, तुमचा शब्द धरून चालतो."

आमच्या ठाण्यात संगणकाचं काम पाहणारी एक महिला कॉन्स्टेबल होती. वयाने सगळ्यांत लहान, पण संगणक तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नसल्यामुळे आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. तिने मेल पाहिला, पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, मेल खरा वाटतोय."

"खरा कसा असेल?"

"मेलमधल्या लिंकला हात लावायचा नाही, हे बरोबर. पण संकेतस्थळाचा पत्ता आपण स्वतः टाकून आत जाऊ शकतो. खातं नानांच्या मेलवर असेल तर नवा पासवर्ड मागता येईल."

तिने तसं केलं. पासवर्ड बदलण्याचा मेल नानांच्या खात्यावर आला. तो उघडायला तिने हात पुढे केला आणि नाना ताडकन उभे राहिले.

"थांबा! त्यात गावाचं टपाल आहे. मी आजवर दुसऱ्याचं पाकीट उघडलं नाही आणि उघडू देणार नाही."

तेव्हा कुठे खरा प्रकार उजेडात आला. गावात मेलचं खातं पहिल्यांदा नानांनी काढलं. आयुष्यभर गावाचं टपाल त्यांच्याच हातून गेलेलं, त्यामुळे नवं टपालही त्यांच्याच पत्त्यावर यावं, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पीक विम्याचा फॉर्म, माती परीक्षण, आयटीआयचा प्रवेश, गॅसची जोडणी, जिथे मेलचा रकाना येईल तिथे नानांचा मेल. सेवा केंद्राच्या भिंतीवर तो ऑइलपेंटने लिहिलेला होता आणि वर सूचना होती, 'मेल नसल्यास हा टाकावा.' नानांच्या खात्यात हजारो मेल साठले होते आणि नानांनी त्यातला एकही उघडला नव्हता. ज्याचं त्याने येऊन पाहावं, हा त्यांचा नियम. सुनेने लेकीचं प्रवेशपत्र शोधलं ते याच नियमाने.

"तो एकच मेल उघडायचा," नाना म्हणाले, "आणि पंचांसमोर."

मी आयुष्यात बरेच पंचनामे केले, पण ई-मेल उघडण्याचा तो पहिला आणि शेवटचा. समोरचा चहावाला आणि पंक्चरवाला पंच म्हणून आले. चहावाल्याने सही करताना विचारलं, "साहेब, मेल कोन्ता हातनी उघडा ते लिखनं का?" मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

खातं उघडलं आणि माझा शब्द तिथेच पडला. पडद्यावर नाना होते. निवृत्तीच्या समारंभातला हार घातलेला फोटो. खाली माहिती: वय सदुसष्ट, निर्व्यसनी, गुडघे थोडे दुखतात, बाकी तब्येत ठणठणीत. भरीत-भाकरी आवडते. स्वभाव रागीट दिसतो, पण नाही. आणि अपेक्षेच्या रकान्यात एकच ओळ होती: 'बोलकी असावी.'

वडिलांमागोमाग ठाण्यात आलेला नानांचा मुलगा माझ्या मागे उभा होता. "नाना, फोटोबी तुमनाच शे," एवढंच तो म्हणाला. नानांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही शंका आली. नोकरीत माणूस मान खाली घालतो तेव्हा आम्ही त्याचा एकच अर्थ लावतो, आणि तो बऱ्याचदा चुकतो.

खात्यावर एक मोबाईल नंबर होता. नाना म्हणाले, माझा नाही. मुलगा म्हणाला, ओळखीचा नाही. सूनही नाही म्हणाली. मी सेवा केंद्राच्या चालकाला बोलावून तासभर उलटतपासणी घेतली. तो रडकुंडीला आला. "साहेब, दिवसभर फॉर्म भरतो. मेल नसला की भिंतीवरचा टाकतो. कोणाचा कुठला फॉर्म, आठवणार कसं?"

मग मी रीतसर पावलं उचलली. नंबरधारकाची माहिती मिळावी म्हणून सायबर शाखेमार्फत कंपनीला पत्र धाडलं. शिवाय ठाण्यात सक्त हुकूम दिला, की त्या नंबरवर कोणीही फोन लावायचा नाही, टोळी सावध होईल. तीन दिवस गेले, उत्तर येईना. नाना रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे, दुपारी उठून शेतावर जायचे. व्याह्यांचाही फोन आला. मी त्यांना सांगितलं, तपास निर्णायक टप्प्यावर आहे.

चौथ्या दिवशी आमच्या हवालदारांचा संयम सुटला. ते मूळचे शिरपूरकडचे, सेवेचे सहा महिने उरलेले, त्यामुळे हुकमाची भीती अर्धीच राहिलेली. ते म्हणाले, "साहेब, एक डाव फोन लाईसन देखूत तं खरं."

ठाण्याचा फोन सकाळपासून बंद होता. हवालदारांनी नानांचा फोन मागितला, कागदावरचा नंबर एकेक आकडा पाहत दाबला आणि कानाला लावण्याआधी पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

पडद्यावर नाव होतं: 'अक्का शिरपूर'.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा वळसा तर सायबर शाखेपर्यंत गेला होता. नंबर नानांच्या फोनमध्ये होता, मुलाच्या फोनमध्ये होता, सुनेच्याही होता. पण हल्ली नंबर पाठ कोणाला असतात? नाव दाबलं की अक्का बोलते. मी पत्र परत कसं मागवायचं, याचा विचार करत असतानाच पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोल रे भाऊ, जेवना का?"

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती एकटी ठाण्यात आली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, पदर डोक्यावर, हातात शेवेची पिशवी. मी जबाब घ्यायला बसलो, तर तिनेच मला आधी गाव, मुलंबाळं आणि गुडघ्यांची अवस्था विचारून घेतली. नाना, मुलगा आणि सून समोर बसले होते.

"अक्का, ही नोंदणी तुम्ही केली?"

"हाव, मीच करं. भाऊ मना शे. त्यामा पोलिसनं काय काम?"

ती चार दिवस भावाकडे राहायला आली होती, तेव्हा सेवा केंद्रात जाऊन तिने फॉर्म भरून घेतला होता. फोटो तिच्या फोनमध्ये होता, मोबाईलवर आलेला ओटीपीचा आकडाही तिनेच सांगितला. मेलचा रकाना आला तेव्हा केंद्रवाल्याने नेहमीप्रमाणे भिंतीकडे पाहिलं. चालकाला पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अरे हो! एक आजी आल्या होत्या की!" तासभर उलटतपासणी घेताना मी त्याला आजीबद्दल विचारलंच नव्हतं. मी टोळीबद्दल विचारत होतो.

"नानांना का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगं असतं तं तो नहीच म्हनता."

"पण हे करावंसं का वाटलं?"

अक्का इतका वेळ माझ्याशी बोलत होती. आता ती भाच्याकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "चार दिन देखं मी. मना भाऊ एकला जेवस. ताट खोलीमा येस, ताट खोलीमातून जास. भितकडे तोंड करीसन बठस. पोर त्याना संगे बोलस, ती तं आते सासरले जाई. मंग? बठ्ठा घरमा कोन बोली त्याना संगे?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणून ताट मीच आत देते. सासूबाई गेल्यावर त्यांना एकटंच बरं वाटतं असं वाटलं मला."

नाना खाली पाहत म्हणाले, "आणि मला वाटलं, मी आत बसलेलं तुम्हाला बरं वाटतं."

मुलगा उठला. त्याने वडिलांच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

गुन्हा काहीच घडलेला नव्हता. तरी नानांना लेखी हवं होतं. अशा दाखल्याचा कुठलाही नमुना नाही, म्हणून मी मनानेच लिहिलं, 'सदर नोंदणी अर्जदाराने केली नसून ती त्यांच्या वडील भगिनीने मायेपोटी केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे. अर्जदाराची वर्तणूक चांगली आहे.' 'मायेपोटी' हा शब्द सरकारी कागदावर मी त्याआधी कधी लिहिला नव्हता. व्याह्यांनाही मीच फोन केला आणि आंतरराज्य टोळीचे शब्द मुकाट्याने परत घेतले. ते पोट धरून हसले. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला.

अनोळखी नोंदणीचा मेल आला तर काय करावं, हे मी आता लोकांना सांगतो तेव्हा टोळीपासून सुरुवात करत नाही. लिंक दाबू नका, आकडा कोणाला सांगू नका, संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहा आणि आपला मेल भिंतीवर लिहू नका. आणि घाबरून एकमेकांवर आरोप करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. विचारायला बसलात की आणखी पुष्कळ काही कळतं. मी इतकी वर्षं लोकांना विचारून पोट भरलं, पण माझे वडील घरी दिवसभर काय करतात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. अक्काचा जबाब झाला त्या संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. ते आधी घाबरले, मग रात्री नऊपर्यंत बोलत होते.

राहिलं ते खातं बंद करणं. साखरपुडा झाल्यावर नाना पेढे घेऊन आले आणि मॅडमने तेही काम हातासरशी उरकायला घेतलं. 'खातं कायमचं बंद करायचं आहे का?' असं पडद्यावर आलं. ती 'होय'वर बोट नेणार, तोच नाना खाकरले.

"मॅडम, घाईचं आहे का ते?"

"नाही. पण का?"

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि पेढ्याच्या पुड्याकडे पाहत म्हणाले, "काही नाही. अक्काला वाईट वाटेल."

हवालदार तोंड फिरवून बाहेर गेले. मी मात्र अजिबात हसलो नाही. खातं चालू ठेवायला कायद्याची काही आडकाठी आहे का, हे मी पुस्तक उघडून नीट पाहिलं. काहीच नव्हती.